पडद्यावरचं पत्र

लोक पुस्तकात काय काय ठेवतात ते बांधणीबाईंना विचारावं. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, खळीच्या आंबूस वासात बसून त्या बावीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवत होत्या. कापलेली नखं, चिरडलेली झुरळं, दातातलं काढून पानावर पुसलेलं काहीबाही, थुंकी लावून उलटून उलटून काळे पडलेले कोपरे. ही वाचनप्रेमींची करणी! बाईंना स्वतःला वाचनाचं वेड, म्हणून तर किळस जास्त.

त्यात ग्रंथालयाच्या अध्यक्षांनी नवीन टूम काढली. साक्षरता वर्गातल्या म्हाताऱ्यांचा सत्कार, आणि सोबत तो जुना, गाजलेला परदेशी चित्रपट.

"खाली आपल्या भाषेत ओळी येतात ना, आजी मंडळी स्वतः वाचतील!" अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या आई तर वर्गात पहिल्या. आणि तुम्ही लहानपणच्या दोन गोड आठवणी सांगायच्या, बाई."

गोड म्हणे!

हा चित्रपट लागला तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. वडील गेलेले. आई त्याच चित्रपटगृहात झाडू मारायची. खेळ सुटला की खुर्च्यांखालची टरफलं, थुंकलेले चोथे, कुणाची तरी ओकारी, सगळं तिच्या हातून जायचं. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून मागच्या बाकावर लेकीला जवळ घेऊन बसे आणि लेक पडद्यावरच्या ओळी तिच्या कानात वाचून दाखवी. पळत्या ओळी पकडता पकडता पोरीचं वाचन इतकं तयार झालं, की पुढे पुडीचा कागदही तिच्या तावडीतून सुटेना.

चित्रपटातली एक विधवा मुलीला वसतिगृहात ठेवून दूरच्या शहरी काम शिकायला जाते. शेवटी मुलीचं पत्र येतं, ते वाचून ती रडते. गोष्ट एवढीच. पण नेमकं त्याच आठवड्यात आईला परगावच्या इस्पितळात दाईचं काम शिकायची जागा चालून आली होती. मावशीनेच जमवली होती. दोन वर्षं मुलीला मावशीकडे राहावं लागणार होतं.

"पोरीने काय लिहिलंय? नीट वाच हं," आई अंधारात म्हणाली.

पडद्यावर होतं, 'आई, मी इथे रुळले. माझी काळजी करू नकोस. काम शिकूनच ये.'

लेकीने वाचलं, 'आई, मी इथे मरून जाईन. मला घेऊन जा.'

पडद्यावरची बाई रडतच होती, त्यामुळे थाप खपून गेली. घरी जाताना आई म्हणाली, "नाही जात मी. कळवते मावशीला." पोरीला आभाळ ठेंगणं झालं. आई मात्र पुढे अठ्ठावीस वर्षं लोकांची घाण काढत राहिली. तो चित्रपट दोघींनी अकरा वेळा पाहिला आणि अकराही वेळा लेकीने तेच वाचलं. मोठेपणी आपण काय केलं ते बाईंना उमगलं, पण सांगायला जीभ रेटली नाही. दुसऱ्यांच्या थुंकीला नाक मुरडणाऱ्या बाईंना स्वतःची त्याहून जास्त शिसारी येई.

"तुझे गुडघे दुखतात, नको येऊस," त्यांनी आईला म्हणून पाहिलं.

"वा गं! वर्षभर पाटी घासली ती कशाला? ते पत्र माझं मला वाचायचंय."

सभागृहात पुढच्याने बूट काढून पाय मोकळे केले होते, मागे कुणीतरी मचमच खात होतं, अध्यक्ष रुमालात नाक शिंकरत होते. बाईंना श्वास घ्यावासा वाटेना. पत्र आलं. पडद्यावर ते चांगलं रेंगाळतं. आई हवेत बोट फिरवत मोठ्याने वाचू लागली, "आ-ई, मी इ-थे रु-ळ-ले..." शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. लोकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या.

आईचं बोट तसंच राहिलं. "हे आता बदललंय का गं?"

"नाही."

"तेव्हाही असंच होतं?"

"हो."

दिवे लागले. अध्यक्षांनी गोड आठवणींसाठी बाईंचं नाव पुकारलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. आई त्यांच्याकडे बघत होती, अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

"तुझ्या मामाची पत्रं," ती म्हणाली. "तो आजारी होता तेव्हाची. तीही तूच वाचलीस ना मला?"

"ती खरी होती, आई. शब्दन् शब्द खरा होता." आणि तसंच होतं. त्या एका पत्राखेरीज बाईंनी आईला आयुष्यात काही खोटं वाचून दाखवलं नव्हतं.

"असेल," आई म्हणाली. "घरी गेल्यावर सगळी काढून दे. माझी मी वाचेन."