नाना म्हणायचे, शोफर

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं.

दुपारचे दोन. निफाडच्या ट्रक स्टँडवर, केबिनमध्ये आडवा झालोय. डोळा लागतो न लागतो तोच आवाज येतो, "पाय काढ, सुक्या. शोफरची जागा आहे ती."

केदूनाना, ट्रकवरचे माझे जोडीदार. उद्या त्यांचं वर्षश्राद्ध.

"नाना, तुम्ही तर..."

"माहितीये मला. सरक."

डोक्यावर तीच टोपी. जवानीत एका कारखानदाराची मोटार चालवायचे, तेव्हाची. ड्रायव्हर म्हटलं की चिडायचे. शोफर म्हणायचं.

काचेबाहेर स्टँड नाही. द्राक्षबाग आहे. थंडीत वेली जगाव्यात म्हणून ओळीओळीत शेकोट्या पेटल्यात.

"शोफर म्हणजे काय रे?"

"गाडी चालवणारा."

"गाढवा. तापवणारा. फ्रेंच शब्द आहे, शेठनी सांगितलेलं. आधीच्या गाड्या वाफेवरच्या. भट्टी पेटवायची, पाणी तापवायचं, मग गाडी हलायची." नाना हसतात. "मी जन्मभर नाव मिरवलं. तापवलं तू."

आता दवाखाना आहे. स्टेअरिंग तसंच, त्याच्याखाली पलंग, पलंगावर पट्ट्यांमधले नाना.

त्या सकाळी गाडी गारठलेली. नाना म्हणाले, ऊन येऊ दे. मला घाई. डिझेलात बुडवलेला चिंध्यांचा बोळा मीच इंजिनाखाली पेटवला. तेल गळत होतं. बोळा ओढायला नाना खाली शिरले आणि भडका उडाला. सहा दिवस जगले. गावानं ठरवून टाकलं, म्हाताऱ्यानंच पेटवला, अक्कल गेली होती त्याची. मी गप्प.

"नाना, तुम्ही का नाही सांगितलं?"

"तोंड भाजलं होतं ना, लेका." पट्ट्यांमधून डोळे माझ्याकडे बघतात. "तुझं कुठं भाजलंय?"

जाग येते. बाहेर ऊन तसंच. उठताना सीटशेजारच्या इंजिनाच्या बॉनेटवर हात टेकतो, आणि चटका बसतो. तळवा लाल.

गाडी परवापासून बंद आहे.

गोरखला फोन लावतो. नानांचा मुलगा, माझा शाळेपासूनचा दोस्त.

"उद्या कावळ्याला घास ठेवायच्या आधी मला बोलायचंय. सगळ्यांसमोर."

"त्या दिवसाचं? नको रे भो. लोक हसतात, आईला लागतं."

"बोळा मी पेटवलेला, गोरख."

त्याच्या बाजूनं ट्रॅक्टर गेल्याचा आवाज तेवढा येतो.

"फोन ठेवलास तरी मी येणार. दारात उभं नाही केलंस तर रस्त्यावरून ओरडून सांगेन. शब्द देतो तुला."