बेकरीवाल्याचा डावा डोळा

तुम्ही काय करता असं कुणी विचारलं की ताई सरळ सांगतात, "मी डोळे रंगवते." ऐकणाऱ्याला वाटतं, काजळबिजळ लावत असतील, नटनट्यांच्या मागे मेकपचा डबा घेऊन धावत असतील. ताई त्याला थोडा वेळ गोंधळू देतात, कारण त्यांना त्यात मजा येते. मग सांगतात की ज्यांचा एक डोळा अपघातात किंवा आजारात गेला, त्यांना त्या दुसरा बनवून देतात. त्या डोळ्याला दिसत नाही, तो नुसता दिसतो. बघण्याचं काम उरलेल्यानं करायचं, शोभेचं दोघांनी वाटून घ्यायचं.

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीच्या पलीकडे त्यांची कार्यशाळा आहे. उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीशी समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर भिंग आणि मोजून चार केसांचा ब्रश. लोकांना वाटतं कृत्रिम डोळा म्हणजे काचेची गोटी. तसलं काही नसतं. कडक प्लास्टिकचा, शिंपल्यासारखा वाकडा तुकडा असतो तो, आणि त्यावरचं बुबुळ रंगवायला तीन तास लागतात. "तपकिरी डोळा असा नसतोच," ताई म्हणतात. "त्यात हिरवी कड असते, मधाचे ठिपके असतात, कुठे तरी एक राखाडी रेघ असते. तीच रेघ चुकली की सगळं मुसळ केरात." पांढऱ्या भागावरच्या बारीक शिरांसाठी लाल रेशमाचा धागा पिंजून त्याचे तंतू बसवायचे. नवखा माणूस इथेच फसतो. शिरा घालायला त्याचा हात धजत नाही, आणि मग डोळा इतका स्वच्छ होतो की रस्त्यापलीकडूनही ओळखू यावा.

हे झालं दुपारचं. सकाळी सहा ते दहा ताई कुणाच्याच नसतात. घराच्या मागच्या खोलीत त्या स्वतःची चित्रं काढतात. खोली म्हणजे एरवी वाळत घातलेले कपडे आणि नवऱ्याचे सुटे भाग यांचा संसार. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या मते जगात अडचणी दोनच प्रकारच्या, वर अडकलेल्या आणि खाली अडकलेल्या. खोलीच्या दाराला लाल फडका लावलेला असला की ताईंना हाक मारायची नाही, हा घरचा कायदा. एकदा दूध उतू जाऊन शेगडी विझली, स्वयंपाकघरभर गॅसचा वास सुटला, तरी लेक फडका बघून गप्प बसली. त्या दिवशी लेकीनं बोलणी खाल्ली आणि कायद्याला पोटकलम जोडलं गेलं.

अशी वीस-बावीस वर्षं गेली. मुलगी शिकली, घर चाललं, भिंतींना टेकून चित्रं साठत गेली. ताई आनंदात होत्या हे कुणीही सांगितलं असतं. पण आईचं म्हणणं वेगळं होतं. आई दर भेटीला म्हणायची, "एक ना धड, भाराभर चिंध्या. डॉक्टरीण म्हणावं तर तू डॉक्टर नाहीस, चित्रकार म्हणावं तर चित्र कुठे लागलेलं नाही."

"चिंध्यांची गोधडी होते, आई," ताई म्हणायच्या.

उत्तर झकास होतं, पण ते तोंडापुरतं. आतून बोल लागायचा. कारण कलाशाळेतून बाहेर पडताना ताईंनी स्वतःला शब्द दिला होता की एक दिवस फक्त चित्रं काढायची, बाकी सगळं सोडायचं. इस्पितळातली नोकरी म्हणजे तोपर्यंतची सोय. तोपर्यंत या शब्दाचे केस पांढरे झाले, तरी तो काही संपेना.

आता बेकरीवाल्याकडे यायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं.

आठ वर्षांपूर्वी भट्टीचं झाकण उडून बेकरीवाल्याचा डावा डोळा गेला. जखम भरल्यावर तो ताईंच्या खिडकीशी येऊन बसला. अकराचा लख्ख उजेड, ताईंचा हात रंगात आलेला, आणि डोळा असा उतरला की ताईंनी स्वतःच स्वतःची पाठ थोपटली. पंधरा दिवसांनी बेकरीवाल्याची बायको एकटीच आली. खुर्चीत बसली, उठली, परत बसली.

"ताई, राग मानू नका. डोळा सुंदर आहे. पण हा माणूस माझ्यावर चिडलेला दिसतो."

"भांडण झालंय का?"

"नाही हो. एका बाजूनंच चिडलेला दिसतो."

ताईंना काही कळेना. त्यांनी नवराबायकोला बोलावलं, खिडकीशी बसवलं, भिंग लावलं. दोन्ही डोळे जुळ्या भावांसारखे. मग बायकोनंच सांगितलं, "इथे बरा दिसतो. बेकरीत बघा."

बेकरीत म्हणजे पहाटे साडेतीनला. ताई गेल्या. भट्टीच्या उजेडात आणि एका पिवळ्या बल्बखाली दोघं पीठ मळत होती, आणि ताईंनी कपाळावर हात मारला. कमी उजेडात माणसाच्या डोळ्यातली बाहुली मोठी होते. बेकरीवाल्याचा उजवा डोळा बायकोकडे मिऱ्याएवढ्या बाहुलीनं मायेनं बघत होता, आणि ताईंचा डावा, अकराच्या उजेडात रंगवलेला, मोहरीएवढी बाहुली घेऊन तिच्याकडे डोळे वटारून होता. बिचारी रोज पहाटे त्या वटारलेल्या डोळ्यासमोर पाव मोजत होती.

"ह्या उजेडातला करून देते," ताई म्हणाल्या. "पण मग दिवसा तो थोडा वेगळा दिसेल हं."

"दिवसा मी झोपलेला असतो," बेकरीवाला म्हणाला.

ताई आठवडाभर पहाटे मैद्याच्या पोत्यावर बसून तो डोळा रंगवत होत्या. त्या दिवसापासून खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला त्या रंगांआधी एकच प्रश्न विचारतात, "तुम्हाला सगळ्यात जास्त कोण बघतं, आणि कुठल्या वेळी?" लोक चमकतात. एक मास्तर म्हणाले, वर्गातली मुलं, दुपारी. एक बाई म्हणाल्या, नातू, दिवेलागणीला. एक गृहस्थ बराच विचार करून म्हणाले, कुत्रा.

मजा अशी की हा प्रश्न दुपारच्या खोलीतून सकाळच्या खोलीत शिरला. ताई आतापर्यंत माणसं काढत होत्या ती कुठल्याच वेळेची नव्हती. आता त्या माणसाला त्याच्या वेळेत काढू लागल्या. साडेतीनच्या पहाटेची बेकरीवाल्याची बायको, दुपारचे मास्तर, दिवेलागणीची आजी. चित्रांत एकदम जान आली. पहिलं चित्र ताईंनी बेकरीलाच दिलं, आणि ते बिस्किटांच्या बरण्यांवर टांगलं गेलं. बेकरीवाला स्वतः मात्र चित्रात यायला तयार झाला नाही. आपलं थोबाड आपल्यालाच भिंतीवर बघवणार नाही म्हणे.

ते चित्र एका रविवारी दुपारी पाव घ्यायला आलेल्या दालनवाल्यांनी पाहिलं. हे शहरातल्या मोठ्या कलादालनाचे मालक. पाव तिथेच विसरून ते पत्ता विचारत ताईंच्या घरी आले, मागच्या खोलीत वाळत्या परकराखालून वाकून गेले आणि तासभर एकेक चित्र बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, इतकी वर्षं कुठे होतात?"

"इथेच," नवरा म्हणाला. "फडका लावलेला असतो."

प्रदर्शनाची तारीख ठरली. सोबत कराराचा कागद आला. दालन ताईंना दरमहा पगारासारखी रक्कम देणार, ताईंनी दालनासाठी चित्रं काढायची, आणि इस्पितळातलं काम पूर्णपणे सोडायचं. सही प्रदर्शनाच्या संध्याकाळी. "ते कारागिरीचं काम आहे," दालनवाले म्हणाले. "दोन दगडांवर पाय ठेवून कुणी मोठं झालेलं नाही. आणि डोळ्यांबद्दल पाहुण्यांसमोर काही बोलू नका. लोक उगीच चित्रांतही तेच शोधतील."

ताईंनी कागद पर्समध्ये ठेवला. सही करायची हे त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. तीस वर्षांपूर्वीचा शब्द दारात येऊन उभा होता, आता त्याला या म्हणायचं नाही तर काय? पण कार्यशाळेत गेल्या की त्यांचा हात रेंगाळायचा. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यात तीन तास बघायचं, आणि तो आपण होऊन बोलत राहणार. असं दुसरं कुठे मिळणार होतं?

"तुम्हाला काय वाटतं हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"मला चित्रातलं कळत नाही," तो म्हणाला. "पण दोन दगडांवर पाय नको म्हणे. त्यांना म्हणावं, एका पायावर उभं राहून एक चित्र काढून दाखवा."

प्रदर्शनाला सगळे आले. दालनात खिडक्या नव्हत्या. भिंतींवर चित्रांपुरते मंद पिवळे दिवे, बाकी सावली. ताईंनी कार्यशाळेच्या दाराला आमंत्रण चिकटवलं होतं, त्यामुळे इस्पितळातली मंडळी झाडून हजर. भिंतींवर ताईंची सतरा चित्रं होती, आणि हॉलमध्ये आणखी नऊ कामं पायांनी चालत, सरबत पीत हिंडत होती. मास्तरांचा उजवा, आजींचा डावा, कुत्रेवाल्या गृहस्थांचा डावा. त्यांवर सही नव्हती आणि त्यांच्याबद्दल ताई कुणाला सांगूही शकत नव्हत्या. कुणाचा डोळा कुठला हे बाहेर बोलायचं नाही, हा त्या कामातला पहिला नियम. ज्याचा डोळा त्यानं सांगितलं तर गोष्ट वेगळी.

भट्टीकडे जायच्या आधी तासभर म्हणून बेकरीवालाही आला होता. तपकिरी कोट घालून, बायकोच्या चित्राशेजारी पहारेकऱ्यासारखा उभा होता.

गर्दी जरा हलली तसे दालनवाले ताईंजवळ आले. हातात पेन होतं. "मॅडम, सही करायच्या आधी एक गोष्ट दाखवतो. तो माणूस बघा, तपकिरी कोटवाला. त्याचे डोळे बघा."

ताईंनी बघितलं. नवऱ्यानंही बघितलं.

"विशेषतः डावा," दालनवाले हळू आवाजात म्हणाले. "किती माया आहे त्यात, किती जीव आहे! तुमच्या चित्रांत सगळं आहे, पण असा डोळा तुमच्या हातून अजून उतरलेला नाही. तो यायचा तर माणसानं बाकी सगळं सोडून बसलं पाहिजे. म्हणून म्हणतो, ते इस्पितळ सोडा."

ताईंनी ओठ दाबून धरले. मग खांदे हलायला लागले. मग त्यांनी नवऱ्याचा दंड धरला, आणि हसू असं फुटलं की सरबत घेऊन फिरणारा थांबला. नवरा तर भिंतीकडे तोंड करून हसत होता. दालनवाले गोंधळून एकदा ताईंकडे, एकदा स्वतःच्या पेनाकडे बघत होते.

हसणं ऐकून बेकरीवाला आणि त्याची बायको जवळ आली. "काय झालं ताई?"

ताई काही बोलेनात. नियम म्हणजे नियम. शेवटी दालनवालेच म्हणाले, "मी तुमच्या डोळ्यांची तारीफ करत होतो. डाव्या डोळ्याची जास्त."

बेकरीवाल्यानं बायकोकडे बघितलं, बायकोनं ताईंकडे.

"डावा होय," तो म्हणाला. "तो माझा कुठला? तो ह्यांनी केलाय. आमच्या मैद्याच्या पोत्यावर बसून."

"ह्याच्या आधीचा रागीट होता," बायको म्हणाली. "हा माझ्यासाठी करून घेतलेला आहे."

दालनवाल्यांनी तो डावा डोळा पुन्हा एकदा निरखला. भला माणूस, त्यांनी सारवासारव केली नाही. एवढंच म्हणाले, "म्हणजे मी जे सोडा म्हणत होतो, ते हे?"

ताईंनी पर्समधून कागद काढला, नवऱ्याला वाकायला लावलं, त्याच्या पाठीवर कागद ठेवला आणि इस्पितळाचं काम सोडण्याबद्दलची ओळ नीट खोडली. "चित्रं देईन," त्या म्हणाल्या. "सकाळी जेवढी होतील तेवढी. दुपारी मला माणसं असतात." पगाराचं काय ते दालनवाल्यांनी ठरवावं म्हणाल्या. दालनवाले म्हणाले, पगाराचं कलमही खोडा, चित्र येईल तसं मी घेईन. नवरा खालून म्हणाला, लवकर आटपा. मग ताईंनी सही केली. त्यांना इतकं हलकं वाटत होतं की त्या आणखी दोन-चार ठिकाणी सह्या करायला तयार होत्या.

एवढ्यात काठी टेकत आई आली. ती कोपऱ्यात खुर्चीवर बसून होती. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तिला हे सगळं लेकीनं, म्हणजे ताईंच्या मुलीनं, ओरडून सांगितलं होतं, पण कुठला डोळा ते गडबडीत राहूनच गेलं. आई बेकरीवाल्यासमोर थांबली. "वाक जरा, बाबा."

तो वाकला. आईनं चष्मा पुसला, चढवला, आणि त्याच्या एका डोळ्यात बघितलं, मग दुसऱ्यात, मग परत पहिल्यात. ताई ताठ उभ्या राहिल्या. पन्नाशी ओलांडली तरी आई आपलं काम बघतेय म्हटल्यावर माणूस पाचवीतला होतो.

"ओळखा आजी," बेकरीवाला म्हणाला.

"त्यात काय ओळखायचं?" आई म्हणाली, आणि तिनं त्याच्या उजव्या डोळ्याकडे, देवानं दिलेल्या धडधाकट डोळ्याकडे बोट केलं. "हा तुझा ना गं? चांगला केलायस. पण खऱ्याची सर नाही हो त्याला."

ताईंनी तिला दुरुस्त केलं नाही. "नाही ना," त्या म्हणाल्या, आणि आईला घट्ट मिठी मारली.