दादाच्या गाडीला दुसरं इंजिन

इंजिन बसवायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी पुस्तकाचं एक पानही पुरं वाचू शकलो नाही. कॉलेजात शिकवून झालं की माझ्या फ्लॅटवर न जाता गंगापूर रोडला दादाच्या घरी जायचो. मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एका स्टुलावर बसायचो. पिशवीत पुस्तक असायचं. ते बाहेर काढायचो, मांडीवर ठेवायचो आणि पाच मिनिटांनी उठून शेडच्या दारात जाऊन उभा राहायचो. मिस्त्री म्हणायचा, सर, बसा ना. मी बसायचो आणि परत उठायचो.

गाडी दादानं स्वतः बांधलेली होती. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यानं आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर दक्षिणेतल्या एका वर्कशॉपमधून तिचं किट मागवलं. खोक्यांमधून नळ्यांची चौकट आली, स्टिअरिंग आलं, नकाशे आले. इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकं त्यानं इकडूनतिकडून जमवली. बसायला दोन जागा, छप्पर नाही, आणि इतकी बुटकी की शेजारून रिक्षा गेली तरी मान वर करून बघावं लागे. किटमधलं फायबरचं नाक येतानाच तडकलं होतं, म्हणून दादानं ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं नाक स्वतः ठोकून घडवलं. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्यानं तो महिनाभर ठोकत होता. हातोड्याचे बारीक खळगे त्यानं मुद्दाम भरले नाहीत. आरटीओच्या खेपा दोन वर्षं चालल्या. नंबर मिळाला तेव्हा त्यानं मला फोन केला आणि तो नंबर दोनदा वाचून दाखवला.

पहिलं इंजिन मी घालवलं.

त्र्यंबकेश्वरच्या एका वाचनालयात माझं व्याख्यान होतं. बसनं कशाला जातोस, गाडी घेऊन जा, दादा म्हणाला, तिलाही जरा लांब जाऊ दे. निघताना त्यानं त्याचा नेम माझ्याकडून वदवून घेतला. कुठूनही निघायच्या आधी बॉनेट उघडायचं, तीन ठिकाणी हात लावायचा आणि तोंडानं म्हणायचं: पाणी, तेल, पट्टा. मनात म्हटलेलं चालत नसे. पन्नाशी उलटलेला मी त्याच्या अंगणात उभा राहून ते शाळेतल्या मुलासारखा म्हणालो.

परतताना वाचनालयाच्या दारातही मी तेच केलं. रेडिएटरचं झाकण उघडलं, पाणी पाहिलं, झाकण लावलं. त्या झाकणाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर ते बसल्यासारखं वाटतं, पण दाबून आणखी फिरवावं लागतं. डोक्यात व्याख्यानानंतर कुणीतरी विचारलेला प्रश्न घोळत होता. मी पहिल्याच टप्प्यावर सोडलं. अंजनेरीच्या आसपास तापमानाचा काटा वर सरकलेला मला दिसला. दिसला, हे मला नीट आठवतं. पुढे थांबू, असं म्हणत मी त्या प्रश्नाचं उत्तर जुळवत राहिलो. महिरावणी ओलांडल्यावर गाडीनं एक आचका दिला आणि इंजिन बंद पडलं, ते कायमचंच.

दादाला फोन केला. तो टेम्पो घेऊन येईपर्यंत तासभर गेला. तेवढ्या वेळात मी बॉनेट उघडलं, झाकण पाहिलं आणि काय झालं ते कळलं. फडक्यानं धरून मी ते दाबलं आणि शेवटपर्यंत फिरवून घट्ट केलं.

दादानं आल्या आल्या विचारलं, पाणी, तेल, पट्टा? मी हो म्हणालो. काटा? मध्येच होता, मी म्हणालो. त्यानं मान हलवली आणि दोर बांधायला वाकला.

पिस्टन अडकले होते, सिलिंडर आतून ओरखडले होते. ते इंजिन पुन्हा उभं राहण्यासारखं नव्हतं. त्यानंतर आठ महिने दादा दुसरं इंजिन शोधत होता. दर रविवारी मी जेवायला जायचो आणि पाणी गेलं कुठे याची चर्चा व्हायची. माझ्या ताटातला घास तिथेच राहायचा. शेवटी अपघातात चेपलेल्या एका व्हॅनचं चांगलं इंजिन त्याला मिळालं. त्यानं ते धुतलं, रंगवलं, काही भाग बदलले आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवलं. तीन आठवड्यांनी, पौषातल्या एका सकाळी, चहाचा कप हातात असतानाच तो गेला.

पावसाळा संपल्यावर वहिनी म्हणाल्या, इंजिन बसवून घेऊ. ही गाडी मी चालवणार आहे, सटाण्याला माहेरी घेऊन जाणार आहे. त्यांना गाडी येते, उत्तम येते. मी बरं म्हणालो आणि त्या रात्रीपासून माझं वाचन थांबलं.

मिस्त्री त्यांच्याच माहेरकडचा. पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, आता पंचवटीत गॅरेज आहे. एरवी आमच्याशी साधं बोलायचा, चिडला किंवा चक्रावला की अहिराणीत जायचा. पहिल्या दिवशी त्यानं चेनपुलीवर जुनं इंजिन उचलून बाहेर काढलं, त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि मला विचारलं, हे मेलं कशानं? मी म्हणालो, कळलं नाही.

"कळल्याबिगर मी दुसरं घालनार नाय, सर. ज्यानं हे खाल्लं ते त्येलाबी खाईल. मंग बाई घाटात बसल्या रडत, तर शिव्या मला."

दुसरा दिवस त्या शोधात गेला. पाण्याचा पंप खोलला, चांगला होता. रेडिएटर पाण्यात बुडवून हवा भरली, एक बुडबुडा आला नाही. थर्मोस्टॅट घेऊन तो थेट स्वयंपाकघरात गेला. वहिनींनी दुधाचं जुनं पातेलं दिलं. गॅसवर पाणी तापलं तशी त्या पितळी डबीची झडप हळूहळू उघडली. आम्ही तिघं पातेल्यात वाकून बघत होतो. हेबी चांगलंच, मिस्त्री निराश होऊन म्हणाला. वहिनींनी गॅस बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी चष्म्यावरची वाफ पुसत राहिलो.

तिसऱ्या दिवशी नवं इंजिन आत उतरलं. म्हणजे उतरता उतरेना. साखळी एकेक कडी खाली येत होती, मी मागून गिअरबॉक्स उचलून धरला होता, आणि गिअरबॉक्सचा दांडा क्लचमध्ये शिरायला दोन सूत अडत होता. मिस्त्रीनं इंजिन हलवलं, वाकवलं, शेवटी बाहेर काढून क्लचप्लेट पुन्हा मधोमध लावली. त्यासाठी दादानं लेथवर काढलेला लाकडी ठोकळा फळीवर होताच. मग मात्र इंजिन असं बसलं की चारही बोल्ट बोटांनी फिरले. साहेबांचं माप, मिस्त्री म्हणाला.

वायर जोडताना एक वायर उरली. निळी, दर वितीवर दोऱ्यानं बांधलेली, म्हणजे दादाच्याच हातची. तिचं एक टोक डॅशबोर्डच्या खाली कुठेतरी गेलं होतं. दुसरं टोक नव्या इंजिनावर दादानं आधीच बसवून ठेवलेल्या एका छोट्या स्विचपर्यंत बरोबर पोचत होतं. मिस्त्रीनं ते लावून टाकलं. त्यांनी ठेवलीय म्हंजी कशाला तरी असंल, एवढंच तो म्हणाला.

मग त्यानं खडू घेतला आणि गाडीच्या नाकावर एक चौकोन आखला. पाणी गळत नाही, पंप चालतो, थर्मोस्टॅट उघडतो, म्हणजे रेडिएटरच लहान. मोठा बसवायचा तर नाक कापावं लागेल, उद्या ग्राइंडर आणतो, तो म्हणाला. मी त्या खळग्यांवरून गेलेल्या पांढऱ्या रेषेकडे बघत राहिलो. मग चप्पल घातली आणि निघालो. पार सोमेश्वरपर्यंत चालत गेलो आणि तसाच परत आलो.

चौथ्या दिवशी मी रजा टाकली आणि मिस्त्रीच्या आधी पोचलो. वहिनी तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांना सांगायचं ठरवून आलो होतो. मी विचारलं, चहा झाला का? झाला, त्या म्हणाल्या. मग मी शेडमध्ये जाऊन दादाचे पाने लहानमोठे लावत बसलो. ते आधीच लावलेले होते.

मिस्त्री आला, ग्राइंडरची पिन खोचली, चष्मा चढवला.

"थांबा," मी म्हणालो. "रेडिएटर लहान नाही. झाकण मी अर्धंच लावलं होतं."

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "कधी?"

"त्र्यंबकला. पाणी बघितल्यावर. आणि दादा यायच्या आधी घट्ट केलं."

"आन काटा?"

"अंजनेरीपासून वर होता. मला दिसत होता."

"तीन दिस मी ह्येचं पोट फाडून बघतोय," तो म्हणाला, "आन तुम्ही त्या स्टुलावर पुस्तक घेऊन बसलेले. शाबास, सर."

त्यानं पिन उपटली. खिशातलं फडकं काढून खडूची रेघ पुसली, एकदा, मग थुंकी लावून पुन्हा एकदा. दारात वहिनी उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

इंजिन तिसऱ्या प्रयत्नात सुरू झालं. आधी खोकलं, निळसर धूर सोडला, मग एका लयीत चालू लागलं. शेडचा पत्रा थरथरला. आठ महिने दादाला ऐकायचा होता तो आवाज माझ्या छातीत धडधडत होता आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. मिस्त्रीचा माझ्यावर अजून विश्वास नव्हता. इंजिन खरंच जास्तीचं तापतं का ते बघण्यासाठी त्यानं रेडिएटरच्या पंख्याची पिन काढली आणि मला चालकाच्या जागेवर बसवलं. काट्यावर नजर ठेवा, तो म्हणाला, आज तरी.

काटा मध्यावर आला, थोडा वर गेला, तांबड्या खुणेला टेकला. आणि माझ्या गुडघ्यांपाशी एक पाखरू ओरडायला लागलं. चिवचिव, चिवचिव, अगदी कर्कश. मिस्त्रीनं आधी पत्र्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या आंब्याकडे.

"हाई काय शे?"

त्यानं पंखा जोडला, इंजिन बंद केलं आणि डॅशबोर्डखाली हात घातला. गाड्या मागे घेताना वाजतो तसला चिवचिवाटाचा भोंगा होता तो, दोन पट्ट्यांनी आवळून बसवलेला. निळ्या वायरचं हे टोक त्यातच जात होतं; इंजिन तापलं की पलीकडचा तो छोटा स्विच भोंगा वाजवायचा.

"तो तुमचा आहे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

त्या आत आल्या आणि माझ्या स्टुलावर बसल्या. सांगू लागल्या की दिवाळीच्या सुमारास दादानं तो आणला होता आणि ओट्यावर वाजवून पाहिला होता. मागे घ्यायचा भोंगा पुढे कशाला, त्यांनी विचारलं होतं. "तर म्हणाले, त्याला काटा दिसत नाही. दिसला तरी तो त्याच्या विचारात. पण पाखरू ओरडलं की वर बघतो, लहानपणापासूनची सवय आहे."

"म्हणजे त्याला झाकणाचं..."

"त्याच दिवशी कळलं. बॉनेटच्या आतून पाण्यात घातलेल्या कूलंटचे हिरवे डाग उडाले होते, झाकणाभोवती गोल. मला दाखवले आणि म्हणाले, पुसून टाक."

दर रविवारचं ते 'पाणी गेलं कुठे?' आठवलं. तो माझ्याकडे बघून विचारायचा, मी वरणाकडे बघून ऐकायचो.

"मग बोलला का नाही मला?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

मिस्त्री दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. "म्हंजी दोघांनाबी म्हाईत व्हतं, आन येडा मी एकलाच. आन बाई, मी नाक कापलं असतं तर?"

"मी दारातच होते," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी बोलतात का, तेवढं बघायचं होतं."

मिस्त्रीनं हत्यारं आवरली, इंजिन निवेपर्यंत आम्ही वाट पाहिली, चहाही झाला. मग वहिनी गाडीत बसल्या. धरणापर्यंत जाऊन येऊ, सटाण्याचं नंतर बघू, त्या म्हणाल्या, तुम्हीही चला. मी बॉनेट उघडलं. पाणी, तेल, पट्टा. तोंडानं म्हणालो, मिस्त्रीसमोर. झाकण ठेवलं, पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवलं, दाबलं आणि पुढे शेवटपर्यंत नेलं. हात बाजूला केला.

वहिनी गाडीतून उतरल्या, पुढे आल्या आणि पदर सावरून वाकल्या. माझ्या समोरच त्यांनी झाकणाला हात घातला आणि ते आणखी फिरतं का ते पाहिलं. फिरलं नाही. मग त्यांनी बॉनेट लावलं.