आईच्या हाती उपचार देणाऱ्या विमलबाई

डॉ. विमलबाईंशी माझा परिचय झाला तो दौंडला, त्यांच्या दवाखान्यात. वाचा-उपचाराचे शिक्षण नुकतेच संपवून मी कामाच्या चौकशीला गेले होते. बाईंनी प्रमाणपत्रे पाहिली आणि विचारले, "तुम्हांला येतं ते मुलाच्या आईला शिकवाल? मुलाला तुम्ही स्वतः शिकवायचं नाही." अट मला पटली नाही. नोकरी हवी होती म्हणून मी होकार दिला. मला खोली मिळेपर्यंत बाईंनी आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्या उपकाराविषयी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

आठवड्यातून एकदा बाई शिरूरला मुले तपासायला जात; मीही सोबत असे. तिथे कवठे येमाईहून सुभद्रा आपल्या लहानग्या बाळूला घेऊन आली. सोबत तिचे सासरे, आबा. बाळू बोलत नव्हता, हाकेला वळत नव्हता, कुणाच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हता. ऑटिझम हे नाव मी पाठ्यपुस्तकात वाचले होते. तिथे दोष आईच्या कोरडेपणावर ठेवलेला होता. सुभद्रेनेही तेच विचारले, "माझं काय चुकलं, बाई?"

"तुझं काहीही चुकलेलं नाही," बाई सर्वांसमोर म्हणाल्या. "पण पुढचं काम तुझ्याशिवाय व्हायचं नाही."

मळ्यातल्या शेवंतीचा हंगाम संपला की बाळूला पुण्याच्या एका संस्थेत कायमचे ठेवायचे, असे आबांनी ठरवले होते. सुभद्रेला ते नको होते, पण घरात तिचे चालत नव्हते. बाईंनी वाद घातला नाही. "हंगाम संपेपर्यंत आम्हांला मळ्यावर येऊ द्या," एवढीच विनंती केली.

पुढच्या आठवड्यात आम्ही एस.टी.ने त्यांच्या मळ्यावर गेलो. बाळूला फुले पाटीत ओतायला आवडत. तेवढे बाईंना पुरेसे होते. सुभद्रेने ओंजळभर फुले द्यायची, पुढची ओंजळ हातात धरून थांबायचे आणि बाळूने पाहिले की लगेच द्यायची. बाई बांधावर बसून राहिल्या. अडचण आबांची होती. नातवाने चुळबूळ केली की ते स्वतःच फुले पुढे करत.

"आबा, त्याला मागू द्या की."

"मागाया कशाला लागतंय? मला कळतंय त्याच्या मनातलं."

"तुम्हांला कळतं हो. पण तुमच्याकडं बघायची गरज त्याला कधी पडणार? तुमचे हात मोकळे राहिले की घोटाळा होतो. तंबाखू मळत बसा."

"औषध न्हाई दिलं कवा, आन् तंबाखू देताय व्हय!" आबा म्हणाले, पण त्यांनी चंची काढली.

सुभद्रा थांबली. बाळूने तिचा हात ओढला, मग क्षणभर तिच्या डोळ्यांत पाहिले. ती वळून बाईंकडे पाहू लागली.

"माझ्याकडं नको, त्याच्याकडं बघ! दे आता!"

पुढे जेवताना, आंघोळीला, चपला घालताना तिने हेच चालू ठेवले. बाळूला सगळे आले असे नाही. शेवंती संपली तेव्हा आबा एकटेच शिरूरला आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "पोराला कुठं धाडत न्हाई मी. काल आईला 'दे' म्हनला. मला अजून न्हाई म्हनत." शेवटचे वाक्य तक्रारीच्या सुरात होते. बाई मोठ्याने हसल्या. त्यांना तसे हसताना मी प्रथमच पाहिले.

आता माझ्या कामात मीही आधी आईला बोलावते. अट मला पटली आहे.

बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. मुलांच्या उंचीला यावे म्हणून त्या जमिनीवर बसतात आणि हल्ली गुडघे धरून उठतात. त्या गुडघ्यांना आराम पडो आणि त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, ही आम्हां सर्वांची इच्छा. या लेखासाठी मी सुभद्रेला विचारले, तुझ्याकडून काय लिहू? ती बाळूची चप्पल हातात धरून त्याच्या पाहण्याची वाट बघत होती. मान न वळवता म्हणाली, "लिहा, बाईंना लई जगू द्या. आमचं अजून लई शिकायचं ऱ्हायलंय."