जोडीत लावून बघा

सिडकोतल्या आमच्या मैदानाबाहेर एक चहाची टपरी आहे. जगातला सर्वांत मोठा बास्केटबॉलपटू तिथं रोज सकाळी सात वाजता नव्याने ठरतो. ठरवणारे आम्ही सहा जण, सगळे पन्नाशी ओलांडलेले आणि सगळ्यांचे मिळून धड गुडघे पाच. डॉक्टर विश्वजीतला जॉर्डनपलीकडे कोणी दिसत नाही. हिमांशू वकील आहे, त्यामुळे तो लेब्रॉनची बाजू समोर न्यायाधीश बसल्यासारखी मांडतो. मी हेमचंद्र, बँकेतून निवृत्त. भावनेच्या भरात दिलेले नंबर मला चालत नाहीत, म्हणून मी मोबाइलवर एक तक्ताच केला होता. गुण किती, अजिंक्यपदं किती, वर्षं किती खेळला. तक्त्यात जो पहिला तो पहिला, चर्चा बंद. चर्चा अर्थातच एक दिवसही बंद झाली नाही.

या सगळ्यात गप्प असायचा तो सोमनाथ. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात फिटर आहे. साडेसातची कंपनीची बस पकडायची म्हणून चहा बशीत ओतून घाईघाईने प्यायचा आणि आमची भांडणं ऐकून गालातल्या गालात हसायचा. त्याच्या हातून बास्केट महिन्यातून एखादी व्हायची. बाकी वेळ तो समोरच्याला अडवायचा, सुटलेला चेंडू धरायचा, कोण मोकळा आहे ते बघून त्याच्याकडे द्यायचा आणि ओरडायचा, "डॉक्टर, मोकळे हाय तुम्ही, मारा." ते ओरडणं मला अजिबात आवडायचं नाही, कारण ते नेहमी समोरच्या बाजूने यायचं. रोज तीन-तीनच्या बाजू पाडताना पहिली निवड माझी असे, आमच्यात माझा नेम सर्वांत चांगला म्हणून. सोमनाथला मी कधीच निवडला नाही. तो शेवटी उरायचा आणि पलीकडे जायचा.

मग जालन्याच्या जुन्या खेळाडूंशी रविवारी सामना ठरला. मैदानात पाच उतरणार, एक बाहेर बसणार. मी आमचाही तक्ता केला. सोमनाथ सर्वांत खाली आला.

"सोमनाथ, तू राखीव," गुरुवारी मी सांगून टाकलं.

"व्हय साहेब," तो म्हणाला आणि चहाकडे बघत राहिला. तो गेल्यावर हिमांशूने मला बाजूला घेतलं. सोमनाथची आई, आवडाबाई, ऐंशीच्या घरातली, मुद्दाम हा सामना बघायला पाचोडहून येणार होती. मुलगा या वयात रोज पहाटे चेंडू खेळायला पळतो, त्यात त्याला काय मिळतं, हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. मला वाईट वाटलं. पण आकडे ते आकडे.

शुक्रवारी विश्वजीतने सोमनाथला डिवचलं. "तू पण सांग की एकदाचं. जॉर्डन की लेब्रॉन?"

सोमनाथने बशी खाली ठेवली. "आमचे बाबा पाचोडच्या बाजारात बैलांचे दलाल होते. लोक छाती बघायचे, दात बघायचे, शिंगं बघायचे. बाबा म्हनायचे, एकट्या बैलाचा नंबर लागत नाय. त्याला अंगचोर बैलासंगं जुंपा. ज्याच्या जोडीला अंगचोर बी वढाया लागतो, त्यो खरा."

"मग जॉर्डन का लेब्रॉन?"

"ते मला काय माहीत, डॉक्टर? त्यांच्या जोडीचे कसे खेळले, ते बघा."

"इथं माणसांचं चाललंय, सोमनाथ, गुरांचं नाही," मी चिडून म्हणालो. तो हसला आणि बसकडे पळाला.

मी मुळात हट्टी. हे बैलांचं शास्त्र आकड्यांनी खोडून काढायचं ठरवूनच घरी आलो. रोज कोण कुणाच्या बाजूला होता आणि कोण जिंकलं, हे मी सवयीने डायरीत लिहून ठेवतो. दुपारी ती काढून बसलो. शेवटचे चाळीस खेळ पाहिले. सोमनाथ ज्या बाजूला, ती बाजू एकतीस वेळा जिंकली होती, त्याच्या जोडीला कोणीही असो. माझी बाजू जिंकली होती नऊ वेळा. सगळं माझ्याच अक्षरात होतं. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

शनिवारी मी जाहीर केलं, "राखीव मी." सगळ्यांना वाटलं, गुडघा दुखतोय. वाटू दिलं.

रविवारी आवडाबाई कडुलिंबाच्या सावलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. सोमनाथने एकही बास्केट केली नाही, पण एरवी बचावाला कधी मागे न फिरणारा विश्वजीत धावत मागे येत होता आणि हिमांशूने जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी पास दिला. तरीही शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे होतो. विश्वजीतला धाप लागली होती. सोमनाथ घाम पुसत माझ्यासमोर आला.

"या साहेब. एकदा माझ्या बाजूनं खेळून बघा."

मी उतरलो. मला रोखणाऱ्या माणसाला त्याने अडवून धरलं, चेंडू माझ्या हातात आला आणि ते ओरडणं पहिल्यांदा माझ्यासाठी झालं: "साहेब, मोकळे हाय तुम्ही, मारा." मी मारला. चार बास्केट केल्या, आणि दर वेळी मागे पळालोसुद्धा, जे मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. आम्ही चार गुणांनी जिंकलो. इतका आनंद मला बँकेत बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

सोमनाथ आईच्या पाया पडला. "तू किती टाकले?" तिने विचारलं.

"एक बी नाय, आई."

तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. तिने मला डोक्यापासून पायापर्यंत, बाजारात निरखतात तसं निरखलं.

"ह्यो बी चांगला हाय की," ती लेकाला म्हणाली. "इतके दिस जोडीला का नाय घेतला?"

सगळे हसले. सोमनाथ ओशाळला. "आई, ते साहेब हायेत."

"त्याला बोलू नका, मावशी," मी म्हणालो. "निवडायचं माझ्याकडे होतं."