लेकरांसमोर

गरिबीच्या पाहणीसाठी मी पडेगावातल्या गोधड्या शिवणाऱ्या एका बाईंकडे गेले होते. मागच्या आठवड्यात कधी उपाशी झोपलात का, असं विचारताच त्यांनी सुई थांबवली आणि मुलीला बाहेर पाठवलं.

"लेकरांसमोर नका विचारू, मॅडम. त्यांना वाटतं, मी आधीच जेवलेली असते."

पुढच्या पाहणीला गेले, तेव्हा त्या शाळेत पोषण आहार शिजवायच्या कामाला लागल्या होत्या. तोच प्रश्न आला आणि मुलीकडे पाहून मी अडखळले. ओढणीनं हात पुसत त्यांनी तिला जवळ बसवलं.

"विचारा की. हीच सांगंल."

मुलगी म्हणाली, "अम्मी आमच्यासंगंच जेवती. लई जेवती."

बाई लाजून हसल्या. मी उत्तर लिहिलं, 'नाही'. तो शब्द इतक्या आनंदानं मी कधीच लिहिला नव्हता.