खडखडाटाच्या भरवशावर

माझी नात कम्प्युटरचं काहीतरी शिकते. परवा तिनं मला समजावलं, "आजी, नॉइज म्हणजे नुसता आवाज नाही. कामाच्या गोष्टीत जे बिनकामाचं मिसळलेलं असतं ना, तेही नॉइज. ते आधी काढून टाकायचं."

मी म्हटलं, "म्हणजे तुझे आजोबा."

आजोबा समोरच बसले होते. ते हसले. महिन्याभरापूर्वी मला वाटलं असतं, आम्ही हसलो म्हणून हे हसले. आता ठाऊक आहे की यांना सगळं कळलं होतं. आणि ते ठाऊक झाल्यापासून माझं डोकं जागेवर नाही.

मी सुरतेला आले ती दोन पोरी घेऊन, आणि स्वतःला फार शहाणी समजत. आमच्या खानदेशात आवाज म्हणजे हाक. "जाताना आवाज दे," एवढाच त्याचा उपयोग. सुरतेत पांडेसऱ्याच्या चाळीत मी शिकलेला पहिला गुजराती शब्द 'घोंघाट', कारण वरची बेन माझ्या पोरींवरून रोज तो मला ऐकवायची. मला वाटलं, बाईची जीभ जड आहे. मी तिला चार दिवस 'गोंगाट' म्हणायला शिकवलं. तिची भाषा तिलाच शिकवणारी बाई आणखी काय काय चुकेल, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

खरा आवाज होता तो लूमच्या खात्यात. कारखान्याला इथं खातं म्हणतात. हे लूम चालवायचे, मी दुपारी बॉबिन भरायला जायचे. आत शिरलं की दातसुद्धा हलायचे. कारागीर एकमेकांशी हातांनी बोलत. दोन बोटं दाखवली की धागा तुटला, अंगठा ओठांकडे नेला की चहा आला. मी मनात म्हणायचे, बिचारे, सगळे बहिरे झालेत.

माझ्याबरोबर बॉबिन भरायला शेजारच्या खोलीतली बाई असायची. माझ्याच तालुक्यातली, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. तिला मी अक्का म्हणायचे. चाळीत भिंतींना कान होते, खात्यात माणसांनाही नव्हते. म्हणून मनातलं जे असेल ते मी तिला खात्यातच सांगायचे. तिच्या कानाला तोंड लावायचं आणि मोकळं व्हायचं. सासूच्या नावानं बोटं मोडायला याहून सुरक्षित जागा देवानं केली नसेल.

धाकटीच्या वेळी मी मरता मरता वाचले होते. नर्स म्हणाली होती, आता बस कर, पुढच्या वेळी वाचशील याची खात्री नाही. पण गावी सासूबाईंना नातू हवा होता, आणि हे आईचा शब्द कधी खाली पडू देत नसत. मी ठरवलं की गुपचूप ऑपरेशन करून घ्यायचं आणि मग सांगायचं. अक्कानं स्वतःचं आधीच करून घेतलं होतं. ती दवाखान्यात माझ्याबरोबर येणार होती. दिवस कोणता, निघायचं कधी, पोरी कुणाकडे ठेवायच्या, सगळं मी तिला लूमच्या खडखडाटात सांगितलं. बारीकसारीक सगळं. चार लूम पलीकडे हे उभे होते. मी यांच्याकडे बघून हसलेसुद्धा.

पाचव्या दिवशी सासूबाई बोचकं घेऊन दारात हजर.

"ऑपरेशन कराले कशी जास, ते दखस मी," त्या म्हणाल्या, आणि उंबऱ्यातच बसल्या.

गेलेच नाही मी. दीड वर्षानं तिसरी मुलगी झाली. मी नऊ दिवस दवाखान्यात होते, त्यातले तीन दिवस मला आठवतच नाहीत. सासूबाई बाळाचं तोंड न बघता गावी परतल्या.

पण ते पुढचं. सासूबाई आल्या त्या दिवशी मी एकच हिशोब केला. माहीत होतं फक्त अक्काला, म्हणजे फुटली ती अक्का. आवाज आपला आपण करतो, बोभाटा दुसऱ्याचा करायचा असतो. मी तो नळावर केला, सगळी चाळ पाणी भरत असताना. हिच्या पोटात काही राहत नाही, हिनं माझा गळा कापला, असं बरंच काही. मी म्हणे फार छान भांडायचे.

अक्का हंडा धरून उभी होती. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं तुझं?" हंडा भरला आणि गेली. त्या दिवाळीनंतर ती माणसं शहराबाहेर कडोदऱ्याला राहायला गेली. आमचं बोलणं संपलं ते संपलंच.

आता गेल्या महिन्याची गोष्ट. वीसेक वर्षांपासून यांना ऐकू येत नाही, म्हणून कान तपासायला नेलं. तपासणारी मुलगी समोर बसून हळू आवाजात एकेक शब्द बोलत होती आणि हे बरोबर उत्तरं देत होते. मग तिनं तोंडासमोर कागद धरला. हे गप्प. कागद खाली, हे बोलले. कागद वर, हे गप्प.

ती हसून मला म्हणाली, "काकी, काका कानानं नाही, ओठांवरून ऐकतात. लूमवर होते ना? तिथले बरेच जण असेच."

वीस वर्षं मी यांच्यासमोर बसून, आवाज न करता, यांना शिव्या देत आले होते. पण रिक्षात मला त्या नाही आठवल्या. मला चार लूम आठवले. तोंड मी अक्काच्या कानाला लावलं होतं, पण ओठ कुणीकडे होते?

घरी आल्यावर यांच्यासमोर बसले. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "सासूबाईंना तुम्हीच कळवलंत ना?"

माझे ओठ वाचून हे म्हणाले, "माय व्हती मनी."

"आणि मी कोण होते?"

यांनी डोळे मिटून घेतले. ओठ वाचणाऱ्या माणसाला कान बंद करायचे असले की एवढंच करावं लागतं.

नातीनं इकडेतिकडे विचारून अक्काचा नंबर काढला. ही नात त्या तिसरीचीच मुलगी. म्हणजे जे झालं ते बरंच झालं, असं म्हणायला लोक टपलेले असतात. मी म्हणत नाही. मुलगी माझी आहे, नात माझी आहे, दगा यांचा आहे.

फोनवर मागे लूमची खडखड चालू होती. अक्काच्या मुलांचे लूम आहेत.

"अक्का, तू नव्हतं सांगितलंस. माझं चुकलं."

"काय? मोठ्यानं बोल, लूम चालू आहे."

पुन्हा बोलले. पुन्हा "काय?" तिसऱ्या वेळी गॅलरीत जाऊन इतकी ओरडले की समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन बायका बाहेर आल्या.

"हां, आता आलं," अक्का म्हणाली. "नळावर याच आवाजात बोलली होतीस."

ती पुढे म्हणाली, "तुझा नवरा तुझ्या तोंडाकडे बघत होता. मी पाहिलं होतं. उशिरा पाहिलं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू विचारत नव्हतीस, सांगत होतीस. आणि मी बोलले असते तर दोन पोरी घेऊन कुठं गेली असतीस? चल, धागा तुटला वाटतं." फोन ठेवला.

म्हणजे खात्यात बहिरी होते ती मी एकटीच.

आत आले तर हे खुर्चीत वाटच बघत होते. कानाचं मशीन डबीतच होतं. घालत नाहीत, म्हणतात आवाज फार होतो.

"काय म्हने ती?" यांनी विचारलं.

मी पदर तोंडावर ओढला आणि अक्का जे बोलली ते सगळं, एकही शब्द न गाळता, यांना सांगितलं. हे पदराकडे बघत बसले.